तार बदलली की तोल बदलतो

गिटारच्या क्लासात पहिल्या महिन्यात कॉर्ड शिकवतात, मग स्ट्रमिंग, आणि सहा महिन्यांत स्नेहसंमेलनापुरतं एखादं गाणं बसवून घेतात. गिटार पालथी घालून तिच्या पाठीवरचं प्लास्टिकचं झाकण उघडून दाखवणारा क्लास क्वचितच सापडतो. अकूस्टिक गिटार असेल तर त्यावाचून काही अडत नाही. तिच्या पाठीला उघडण्यासारखं काही नसतंच. पण नवशिक्यांच्या हाती येणारी इलेक्ट्रिक गिटार पुष्कळदा स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची असते, आणि तिच्या त्या झाकणाखाली वाद्याचा निम्मा कारभार चालतो. तो कारभार न समजावता विद्यार्थ्याच्या हाती गिटार देणं हे अर्धवट शिक्षण आहे. त्याची झळ पहिल्यांदा लागते ती तारा बदलायच्या दिवशी.

त्या दिवशी होतं असं. गंजलेल्या जुन्या तारा सगळ्या एकदम कापून काढल्या जातात. नव्या चढतात, त्याही निराळ्या मापाच्या. हेडस्टॉकला क्लिपचा ट्यूनर लागतो. जाडी ई तार सुरात येते, मग ए, डी, जी, बी करत बारीक ई पर्यंत यावं, तर तोवर जाडी ई चांगलीच उतरलेली असते. ती पुन्हा चढवावी तर बाकीच्या उतरतात. चार-पाच फेऱ्यांनंतर सूर कसेबसे जुळतात, पण ब्रिजची मागची कड लाकडापासून वर उचललेली दिसते, तारा फ्रेटबोर्डापासून उंच गेलेल्या असतात आणि काल सहज लागणारी कॉर्ड आज बोटं दुखवते. मुलाला वाटतं गिटार बिघडली. पालकांना वाटतं दुकानदाराने फसवलं. गिटार दुकानात परत जाते, नाहीतर माळ्यावर. खरं तर तिच्यात काहीच बिघडलेलं नसतं. तारांचं माप बदललं, म्हणून तोल बदलला, एवढंच.

स्ट्रॅटोकास्टरचा हा हलता ब्रिज, म्हणजे ट्रेमोलो ब्रिज, लाकडात घट्ट आवळलेला नसतो. त्याची पुढची कड सहा स्क्रूंवर टेकलेली असते, नव्या घडणीत दोन खांबांवर, आणि त्या कडेवर सबंध ब्रिज पुढेमागे झुकतो. ब्रिजच्या खाली धातूचा जड ठोकळा गिटारच्या अंगात आरपार कोरलेल्या खाचेत लोंबत असतो. तारा या ठोकळ्यातून वर येतात आणि ब्रिजवरच्या सॅडलवरून, म्हणजे प्रत्येक तारेच्या छोट्या आधारावरून, मानेकडे जातात. गिटारच्या पाठीकडून त्याच ठोकळ्याच्या तळाला स्प्रिंगा अडकवलेल्या असतात. त्यांची दुसरी टोकं एका धातूच्या पंजात अडकतात, आणि तो पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात पकडलेला असतो. तारा ब्रिजला पुढे कलंडायला लावतात, स्प्रिंगा त्याला मागे बसवतात. बागेतल्या सीसॉवर दोन मुलं सारख्या वजनाची असली की फळी आडवी तरंगते, तसा हा ब्रिज तरंगतो. व्हॅमी बार म्हणजे ब्रिजला खोचलेली दांडी. ती दाबली की तारा ढिल्या पडून सूर उतरतो, उचलली की चढतो, सोडली की ब्रिज मूळ जागी येतो.

आता तारांचा ताण किती असतो ते पाहू. पाकिटावर ज्याला ‘नाइनचा सेट’ म्हणतात, त्यातली सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची असते. साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर या सहा तारा नेहमीच्या सुरांत लावल्या की त्या मिळून सुमारे ३८-३९ किलोची ओढ देतात. ‘टेनचा सेट’ लावला की हाच आकडा सुमारे ४७ किलोवर जातो. हजारांश इंचाचा फरक डोळ्याला दिसत नाही, बोटाला जेमतेम कळतो, पण ब्रिजवर आठेक किलोचा जादा भार येतो. पाठीमागच्या स्प्रिंगा मात्र जुन्या भाराला बेतलेल्या. मग ब्रिज पुढे कलंडणार नाही तर काय? उलट टेनवरून नाइनवर आलं की स्प्रिंगा वरचढ ठरतात, ब्रिज मागे बसतो आणि तारा फ्रेटवर घासून खरखरतात.

एक तार चढवताना बाकीच्या का उतरतात, तेही यातच आलं. एक तार ताणली की ब्रिज केसभर पुढे झुकतो, उरलेल्या पाच तारांना तेवढी ढील मिळते. नवशिक्याला हे कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर त्याची अख्खी संध्याकाळ वाचली असती.

ज्या माणसाने ही रचना केली त्याला गिटार वाजवता येत नव्हती, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी त्यांचं दुकान होतं. वाद्य कसं दुरुस्त करता येईल, कुठला भाग सहज सुटा होईल, हा विचार त्यांच्या कामात पहिल्यापासून दिसतो. सूर हलवणारी यंत्रणा काही त्यांनी पहिल्यांदा केली नाही. १९४०च्या दशकात त्यांच्याबरोबर भागीदारीत असलेल्या डॉक कॉफमन यांनी तशी एक यंत्रणा आधीच बनवली होती, आणि पॉल बिग्जबी यांची स्प्रिंगवाली दांडी वादकांच्या हाती आली होती. पण त्या काळच्या कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वादकांना स्टील गिटारसारखा सूर खाली-वर वाकवायचा होता आणि तो हात सोडताच जागेवर यायला हवा होता. हवाईत जन्मलेले स्टील गिटारवादक फ्रेडी टॅव्हारेस फेंडर यांच्याकडे कामाला होते. नव्या गिटारच्या आराखड्यात टॅव्हारेस यांचा हात होता. यंत्रणेची पहिली आवृत्ती तयार झाली, पण तिच्यात तार छेडल्यावर आवाज टिकत नव्हता. ती बाजूला टाकून फेंडर यांनी ब्रिज, ठोकळा आणि स्प्रिंगा यांचा एकच संच केला. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली आणि या रचनेचं पेटंट १९५६ साली मिळालं. सत्तर वर्षं होऊन गेली, तरी आज दुकानात टांगलेल्या कित्येक गिटारींच्या पोटात जवळपास तीच मांडणी आहे.

यातली एक बाब आपल्याकडचे विक्रेते आणि पालक यांनी लक्षात घ्यावी. १९५४ सालीही स्ट्रॅटोकास्टर दोन प्रकारांत मिळत होती. ट्रेमोलोसह तिची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती आणि ट्रेमोलोशिवाय २२९ डॉलर ५० सेंट. म्हणजे ज्याला दांडी नको, त्याच्यासाठी घट्ट ब्रिजची गिटार पहिल्या दिवसापासून होती. फेंडरची टेलिकास्टर तर घट्ट ब्रिजचीच. फेंडरच्याच स्वस्त स्क्वायर मालिकेतही घट्ट ब्रिजची स्ट्रॅट निघते. तरीसुद्धा बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी गिटार घ्यायला आलेल्या पालकांसमोर दांडीवाली गिटार ठेवली जाते, कारण ती दिसायला भारी. ज्याला अजून एका बोटाने सगळ्या तारा दाबायची बॅरे कॉर्ड लागत नाही, त्याच्या हाती तरंगता ब्रिज देणं चुकीचं आहे. सूर जुळलेल्या वाद्यावर कान तयार होतो. पहिलं वर्षभर मुलगा बेसूर तारांवर सराव करत राहिला, तर कानाला लागलेली ती सवय पुढे सोडवताना फार त्रास होतो.

घरी आलीच असेल दांडीवाली गिटार, तर घाबरायचं कारण नाही. काम अवघड नाही, सवडीचं आहे.

तारा काढण्याआधी गिटार आडवी डोळ्याच्या रेषेत धरावी आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली किती फट आहे ते पाहावं. जुन्या पद्धतीच्या सहा स्क्रूंच्या ब्रिजसाठी फेंडर कंपनीच्या सूचनांत ही फट एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या किंचित वर धरली आहे. घरातल्या पट्टीने मोजून ती लिहून ठेवावी. मग तारा एकेक करून बदलाव्यात. एक काढली, तिच्या जागी नवी लावली, साधारण सुरात आणली, मग दुसरी. असं केलं की पाच तारांची ओढ कायम राहते आणि ब्रिज मागे आदळत नाही. फ्रेटबोर्ड पुसायचा म्हणून सगळ्या तारा एकदम काढायच्या असतील, तर पाठीमागच्या खाचेत ठोकळा आणि लाकूड यांच्या मध्ये बेताच्या जाडीचा लाकडी तुकडा सरकवावा. ब्रिज तिथल्या तिथे अडकून राहतो.

नव्या तारा जुन्याच मापाच्या असतील तर पेच फिरवायची वेळही येत नाही. सुरात लावायच्या, बोटांनी हलकेच वर उचलून ताणायच्या, पुन्हा लावायच्या. तीन-चार फेऱ्यांत गिटार ठरते. नवी तार खुंटीवरच्या वेढ्यांत बसेपर्यंत उतरतच राहते, तिला तेवढा वेळ द्यावा लागतो. इथे घाई करणारे लोक मग ट्यूनरला नावं ठेवतात.

माप बदललं असेल तर मात्र झाकण उघडायचं. चार-सहा छोटे स्क्रू निघाले की आत स्प्रिंगा दिसतात. बहुतेक गिटारींना तीन असतात, जागा पाचांची असते. पंजाला एक बारीक वायर डाग देऊन जोडलेली असते, ती अर्थिंगची. घाईत स्क्रूड्रायव्हर तिला लागून तुटली तर गिटार गुणगुणायला लागते, म्हणून तेवढी सांभाळायची. आता तारा सुरात आणायच्या आणि फट मोजायची. फट वाढली असेल तर पंजाचे दोन्ही स्क्रू स्टार स्क्रूड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने अर्धा-अर्धा फेरा आवळायचे. स्प्रिंगांची ओढ वाढते, ब्रिज खाली बसतो आणि त्याबरोबर सगळ्या तारा चढतात. त्या पुन्हा उतरवून सुरात घ्यायच्या. मग परत फट पाहायची. अजून जास्त असेल तर पाव फेरा. ब्रिज खूप खाली बसला असेल तर स्क्रू उलटे, सैल करत जायचं. दर वेळी आधी सूर, मग माप, हा क्रम मोडायचा नाही. सूर न लावता घेतलेलं माप खोटं असतं, कारण तारा उतरलेल्या असतील तर ब्रिज आपसूकच खाली दिसतो.

हाताला ही गोष्ट फार लवकर कळते. अर्ध्या फेऱ्याला मागची कड जराशी खाली येते, ट्यूनरचा काटा हिरव्यावरून उजवीकडे सरकतो. तार छेडून हाताने लगेच थांबवली की स्प्रिंगांचा झंकार पाठीमागून थोडा वेळ ऐकू येत राहतो. स्ट्रॅटोकास्टरच्या आवाजात जो एक मोकळेपणा आहे, त्यात या स्प्रिंगांचा वाटा आहे. ज्यांना तो नको ते स्प्रिंगांखाली स्पंजचा तुकडा ठेवतात.

इथे एक चूक सर्रास होते. तारा उंच गेल्या म्हणून लोक लहान ॲलन कीने सॅडल खाली करत बसतात. ब्रिज पुढे कलंडलेलाच राहतो, वरून उंची तेवढी कमी होते, आणि मग दांडी उचलली की मधल्या फ्रेटवर तारा घासतात. आधी ब्रिजचा तोल, मग तारांची उंची आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून काढलेला हार्मोनिक जुळायला हवेत. दाबलेला सूर चढा येत असेल तर सॅडल मागे न्यायचं, उतरता असेल तर पुढे आणायचं. हा क्रम उलटा झाला की प्रत्येक पायरीवर आधीचं काम वाया जातं.

दुसरी चूक पुढच्या सहा स्क्रूंची. ब्रिज ‘हलतोय’ म्हणून ते करकचून आवळले जातात. हलणं हेच त्या ब्रिजचं काम आहे. स्क्रूच्या डोक्याखाली मोकळीक राहिली नाही तर दांडी सोडल्यावर तो जागेवर परत येणार कसा? आणि सूर परत न येण्याचं आणखी एक कारण तर ब्रिजच्या पार दुसऱ्या टोकाला, मानेच्या शेवटी तारा ज्या खाचांतून खुंट्यांकडे जातात त्या पट्टीत, म्हणजे नटमध्ये असतं. नटच्या खाचेत तार अडकते आणि ट्यूनिंग करताना ‘टिक’ असा आवाज येऊन एकदम पुढे सरकते. तार बदलताना त्या खाचेत मऊ शिसपेन्सिलीचं टोक दोन-तीनदा फिरवलं तरी पुष्कळ फरक पडतो. वर्षानुवर्षं वाजवणारे कितीतरी जण हेच करतात.

नटची ही अडचण अमेरिकेतल्या फ्लॉइड रोज या वादकाने फारच मनावर घेतली. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं वादन ऐकून वाढलेली ती पिढी. १९६९च्या वुडस्टॉक महोत्सवात अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना हेंड्रिक्सने दांडी दाबून तारा पार ढिल्या सोडल्या होत्या. असं वाजवल्यावर साधी स्ट्रॅटोकास्टर सुरात परत येईलच अशी खात्री नसते. फ्लॉइड रोज हे दागिने घडवायचंही काम करत, बारीक धातुकामाचा हात होता. त्यांनी नटवरच तारा पकडून ठेवणारे चिमटे बनवले, ब्रिजच्या टोकालाही तारा आवळल्या, म्हणजे मध्ये कुठे सरकायला जागाच उरली नाही. १९७९ साली त्याचं पेटंट मिळालं, गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी तो ब्रिज उचलला, आणि ऐंशीच्या दशकातल्या हेवी मेटलचा आवाज त्यावर उभा राहिला. नट आवळल्यावर वरच्या खुंट्या निरुपयोगी होतात, म्हणून पुढे ब्रिजवरच बारीक सूर मिळवायचे सहा छोटे स्क्रू आले. तंबोऱ्याच्या तारेत घोडीखाली मणी असतात आणि खुंटी जवळपास आणून ठेवल्यावर गायक मणी सरकवून नेमका सूर मिळवतो, काम तेच.

फ्लॉइड रोजच्या गिटारला तारा बदलणं जास्त वेळखाऊ असतं, हे मान्य करायला हवं. तारेचं गोळीचं टोक कापावं लागतं, दोन-तीन मापांच्या ॲलन की लागतात, आणि एकही तार नसताना ब्रिज अख्खा मागे खेचला जातो. पण तोलाचं तत्त्व तेच, मागचे दोन स्क्रू तेच. इथे ब्रिजची पट्टी गिटारच्या पृष्ठभागाला समांतर ठेवायची, एवढाच माप घेण्यातला फरक.

मग कुणी विचारेल, एवढा खटाटोप करायचाच कशाला? ब्रिज बांधून टाका. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी तेच केलं. त्यांच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा बसवून ब्रिज अडकवलेला असे. त्यामागे विचार होता. तरंगत्या ब्रिजवर एक तार बोटाने ओढली की दुसऱ्या उतरतात, म्हणजे ब्लूजमध्ये एक तार ओढत दुसरी धरून ठेवायची तर सूर फाटतो. मैफलीत एखादी तार तुटली की उरलेल्या पाच एकदम चढतात आणि गाणं अर्ध्यावर थांबतं. दांडी न वापरणाऱ्याने ब्रिज बांधावा, किंवा पंजाचे स्क्रू आवळून तो लाकडाला टेकवावा. टेकवल्यावर सूर फक्त खाली नेता येतो, पण तारा बदलणं खूप सोपं होतं. शिकणाऱ्या मुलाला तर हाच सल्ला द्यायला हवा. फक्त तो निर्णय समजून घेतलेला असावा. दुकानातल्या माणसाने न विचारता आवळून दिला आणि मुलाला वाटलं गिटार अशीच असते, असं होऊ नये.

कारण तो ब्रिज मोकळा असेल तर त्यातून काय निघू शकतं, हे गिटारवादक जेफ बेक यांनी दाखवून दिलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. प्लेक्ट्रम सोडून ते बोटांनी वाजवत, आणि दांडी बहुतेक वेळ तळहातात असे. १९८९ सालच्या ‘गिटार शॉप’ या अल्बममधल्या ‘व्हेअर वेअर यू’ या रचनेत त्यांनी हार्मोनिक छेडून ते दांडीने एका सुरावरून दुसऱ्यावर नेले आहेत. स्फूर्ती बल्गेरियातल्या स्त्रियांच्या समूहगायनाची. आपल्या कानांना अधिक जवळची गोष्ट २००१ सालची. नितीन साहनी यांच्या ‘बियाँड स्किन’ या अल्बममध्ये स्वाती नाटेकर यांनी गायलेलं ‘नादिया’ बेक यांनी त्या वर्षीच्या आपल्या अल्बममध्ये गिटारवर वाजवलं. भारतीय गळ्यातल्या मींड आणि हरकती एका इंग्रज रॉक वादकाच्या गिटारमधून येतात, तेव्हा फ्रेट असलेल्या वाद्याची मर्यादा विसरायला होते. शास्त्रीय संगीत ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला गिटारवर गायकी अंग आणायचं असेल तर त्याने हे वादन जरूर ऐकावं. आणि ऐकल्यावर आपला ब्रिज पाहावा.

हा ब्रिज सूर वर किती नेईल तेही मोजूनमापून ठरवता येतं. कार्ल व्हर्हेयन या अमेरिकी वादकाची पद्धत प्रसिद्ध आहे. दांडी मागे पूर्ण ओढल्यावर ‘जी’ तार दीड स्वर, ‘बी’ तार एक स्वर आणि बारीक ई अर्धा स्वर चढेल, असा तोल ते लावतात. मागची फट किती ठेवायची, याचं उत्तर मिलिमीटरऐवजी सुरांतही देता येतं. संगीत शिकणाऱ्याला हे उत्तर जास्त रुचावं.

आता मूळ मुद्दा. गवयाकडे शिकायला जाणाऱ्याला तंबोरा जुळवायला शिकवल्याशिवाय कुठलाही गुरू पुढे नेत नाही. मिरजेचे कारागीर तंबोरा घडवतात, जवारी काढून देतात. त्यांच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी काढणं हे कारागिराचं काम, ते गायकाने करू नये. पण घोडीवर तारेखालचा दोरा सरकवून तार बोलती करणं, खुंटी पिळणं, मणी हलवणं हे ज्याचं त्यानेच करायचं असतं. कुणी म्हणत नाही की रोज कारागिराला बोलवा. कारागिराचं काम कुठे संपतं आणि वादकाचं कुठे सुरू होतं, याची सीमा आपल्या परंपरेत इतकी स्पष्ट आहे. गिटारच्या बाबतीत ती आखायचीच राहिली.

ती आखणं कठीण नाही. नट घासणं, फ्रेट सपाट करणं, पिकअपची वायरिंग, मान फार वाकली असेल तर ट्रस रॉड, ही जाणकाराची कामं. तारा बदलणं, पंजाचे स्क्रू, सॅडलची उंची, इंटोनेशन ही वादकाची. ट्रस रॉडच्या बाबतीत थोडी घासाघीस होऊ शकते, पण नवशिक्याने तिथे हात घालू नये हे बरं. ‘गिटार तंत्रज्ञाकडे द्या’ हा सल्ला मुंबई-पुण्यात ठीक आहे. तालुक्याच्या गावी गिटार दुरुस्त करणारा सहज मिळत नाही आणि शहरात पाठवायची तर येण्याजाण्याचा खर्च तारांच्या सेटपेक्षा जास्त होतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या दमट हवेने आणि घामाने तारा लवकर गंजतात, पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं, मानेचा बाक बदलतो. म्हणजे ज्या भागात तारा वरचेवर बदलाव्या लागतात, तिथल्या मुलांना हे काम स्वतः येण्याची गरज जास्त.

क्लास चालवणाऱ्यांची एक अडचण खरी आहे. पालक फी देतात ते मुलगा गाणं वाजवताना दिसावा म्हणून. तासभर स्क्रूड्रायव्हर हातात दिसला तर ‘आज काय शिकवलं?’ असा प्रश्न घरी होतो. यावर उपाय शिक्षकांनीच काढायचा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, सगळ्या विद्यार्थ्यांना गिटार आणि तारांचा एक सेट घेऊन बोलवावं. शिक्षकाने एक गिटार उघडून दाखवावी, मग प्रत्येकाने आपली उघडावी. एक तार कापणारी पक्कड, स्टार स्क्रूड्रायव्हर, सॅडलच्या मापाची ॲलन की, पट्टी आणि क्लिपचा ट्यूनर एवढी हत्यारं दहा मुलांत फिरतात. पालकांनाही त्या दिवशी बसवून घ्यावं. आईवडिलांपैकी कुणीतरी एकाने ब्रिज खाली बसताना पाहिला की पुढच्या वेळी ‘गिटार बिघडली’ असं घरात कुणी म्हणणार नाही.

दुकानदारांनीही एक करावं. विकताना प्रत्येक गिटारच्या पाठीवरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटी चिठ्ठी चिकटवावी: आत्ता कुठल्या मापाच्या तारा आहेत, स्प्रिंगा किती, ब्रिजमागची फट किती, तारीख काय. पहिल्यांदा तारा बदलायला बसलेला मुलगा झाकण उघडेल तेव्हा त्याला हवी ती सगळी माहिती तिथेच मिळेल, आणि नवा सेट घेताना काउंटरवर काय मागायचं हेही त्याला ठाऊक असेल. चिठ्ठीत खाली दोन-तीन ओळी कोऱ्या ठेवाव्यात, पुढची मापं त्याने स्वतःच्या हाताने लिहायची.